डोंगराला विचारायचं राहून गेलं

मित्रांनो, ओढ्याकाठी नेच्यांच्या पानांखाली एक काळा, चपटा, मधोमध गुळगुळीत झालेला दगड पडलेला आहे. तो मी. आता माझ्यावर पावसाचं पाणी साचतं आणि खेकडे येऊन बसतात. पण एके काळी माझ्याभोवती सबंध गाव बसायचं. मी सकाऊ या आमच्या पेयाची मुळं कुटण्याचा दगड होतो, आणि आमच्या बेटावरच्या पोनपिलापच्या खोऱ्यात माझ्यासारखा आवाज दुसऱ्या दगडाला नव्हता.

माझा जन्म डोंगराच्या पोटातला. कधी काळी मी कड्यापासून सुटलो आणि नदीनं मला रेटत रेटत एका डोहापाशी आणून टाकलं. तिथं मी किती काळ होतो ते मला सांगता येणार नाही. दगडाला वर्षं मोजता येत नाहीत. डोंगराच्या माथ्यावर कायम ढग असत, ढगाखाली शेवाळानं मढलेली खुजी झाडं, त्यांच्याखाली माडासारखी उंच रानपोफळी, आणि त्या सगळ्यांतून झिरपून येणारं पाणी माझ्या अंगावरून वाहत असे. ते पाणी इतकं निर्मळ होतं की माझ्या अंगावरच्या रेघाही दिसत.

एके दिवशी गावचा सौलिक डोहावर आला. सौलिक ही आमच्याकडे गावप्रमुखाची पदवी आहे, आणि ती मिळाली की माणसाला नावानं कुणी हाक मारत नाही. त्यानं हातातल्या गोट्यानं मला दोनदा ठोकलं. मी वाजलो. तो बरोबरच्या माणसांना म्हणाला, "हा न्यायचा."

"सौलिक, हा अख्खा डोंगर आहे," एकजण म्हणाला. "याच्याखाली माझी कंबर जाईल."

"तुझी कंबर बायकोनं कधीच मोडलीय. उचल."

सालीच्या दोरांनी मला बांधलं, दांड्यांवर घेतलं आणि गाणी म्हणत म्हणत खाली आणलं. गावच्या बैठकीच्या घरात, ज्याला आमच्याकडे नास म्हणतात, मधल्या मोकळ्या जमिनीवर नारळाच्या सोडणांची गादी करून मला बसवलं. गादीवर बसलेला दगडच चांगला वाजतो. उघड्या जमिनीवर ठेवला तर मुका होतो.

तिथून माझी कामाची वर्षं सुरू झाली. सकाऊचं झुडूप मुळासकट आणायचं, मुळं धुऊन माझ्यावर ठेवायची, चार माणसांनी चार बाजूंना बसून गोट्यांनी कुटायची. मग तो चोथा रानजास्वंदीच्या सालीत घालून पिळायचा आणि निघालेला दाट, बुळबुळीत रस करवंटीत धरायचा. पहिली करवंटी मानाच्या माणसाला. पिणाऱ्याची जीभ बधिर होते, आवाज खाली येतो, हातपाय जड होतात. सकाऊ प्यालेला माणूस भांडत नाही. म्हणून आमच्या गावात जे काही ठरायचं ते माझ्याभोवती ठरायचं. लग्नं, पदव्या, जमिनी, माफ्या. माफीची तर रीतच होती. ज्यानं चूक केली त्यानं सकाऊ आणायचा, ज्याचं वाईट झालं त्याला पहिली करवंटी द्यायची, आणि त्यानं ती प्यायली की विषय संपला. फार जड मनानं आलेली माणसं माझ्यापासून हलकी होऊन उठलेली मी पाहिली आहेत.

त्या काळी सकाऊ घराच्या मागेच लावत. नीरफणसाच्या सावलीत एखाद-दुसरं झुडूप, तेही सावकाश वाढणारं. सणासमारंभाला पुरे इतकंच.

पुढे तो सौलिक वारला आणि त्याचा धाकटा मुलगा पेर्नार्दो सौलिक झाला. शांत माणूस, पण एकदा नाही म्हटलं की त्याचं होय होणं कठीण. याच्या वेळी दिवस बदलले. शहराच्या बाजारात सकाऊ विकत घेऊन प्यायची पद्धत पडली. जेवढा न्याल तेवढा खपायचा. आणि लोकांच्या लक्षात आलं की वरच्या रानात, नव्या तोडलेल्या जमिनीत, हे झुडूप भराभर वाढतं. मग पुरुष कोयते घेऊन वर जाऊ लागले. मोठ्या झाडांची साल गोल सोलून काढायची, म्हणजे झाड उभ्या उभ्या वाळतं, खाली ऊन पडतं आणि सकाऊ फोफावतो.

यात सगळ्यात पुढे होता लुडविक. रुंद खांद्यांचा, हसतमुख, तोंडानं फटकळ. त्याची बाग सर्वांत उंचावर, ढगांच्या काठाशी. तिथून तो एकट्यानं मुळांचे भारे पाठीवर घेऊन उतरायचा. त्याच्या सकाऊनं माझा आवाज जास्त खणखणीत येतो, असं लोक म्हणायचे. लांबची माणसं येऊन माझ्या पाठीवर हात फिरवायची. "पोनपिलापचा दगड, आणि लुडविकचा सकाऊ," असं बोललं जायचं. मला ते आवडायचं. आपलं कौतुक कुणाला आवडत नाही, मित्रांनो?

लुडविकच्या बागेच्या बरोबर खाली, ओढा घळीतून बाहेर पडतो त्या तोंडाशी, त्याच्या धाकट्या बहिणीचं घर होतं. तिचं नाव कादालिना. नवऱ्याचं नाव यासूओ, तो मासेमारी करायचा आणि फारसा बोलायचा नाही. बोलायचं काम कादालिना करायची. एकदा लुडविक भारा टाकून घाम पुसत होता तेव्हा ती धुण्याची टोपली घेऊन तरातरा नासमध्ये आली आणि एक झगा त्याच्यासमोर धरला.

"हा कोणत्या रंगाचा आहे, सांग."

"पिवळा," लुडविक म्हणाला.

"पांढरा होता. तुझा सकाऊ वर गेल्यापासून ओढ्याला चहासारखं पाणी येतंय. मी धुते की रंगवते, तेच कळत नाही."

"मग पिवळाच आण दर वेळी. धुतला काय नि नाही धुतला काय, कुणाला कळणार?"

सगळे हसले. तीही हसली, पण जाताना म्हणाली, "हसताय तुम्ही. पण पाणी गढूळ का येतं, हे कुणीतरी वर जाऊन बघितलं पाहिजे."

कुणी गेलं नाही. बागांना जाणारे जात होते, पण बघायला म्हणून कुणी गेलं नाही.

मग एल्सिना परत आली. सौलिकच्या मोठ्या भावाची ही मुलगी. बाप तिच्या लहानपणीच गेला, काकानंच वाढवलं. परदेशात जाऊन ती झाडांचा आणि पाण्याचा अभ्यास करून आली होती. तिला वाटलं असतं तर ती तिकडेच राहिली असती. पण ती आली, तीही रीतीनं आली. कोवळ्या पानांसकट सकाऊचं झुडूप खांद्यावर आणून माझ्याजवळ ठेवलं आणि गावासमोर आपलं मागणं मांडलं.

"सौलिक," ती म्हणाली. घरात ती काका म्हणायची, पण नासमध्ये नाही. "मला वरच्या रानात काम करायची परवानगी हवी आहे. पाच-सहा जागा निवडीन. काही तोडलेल्या, काही न तोडलेल्या. तिथं पाऊस मोजीन, माती बघीन, झाडांना खुणा करीन. दर महिन्याला जाईन, बरीच वर्षं."

"कशाला?" सौलिकनं विचारलं.

"कारण आपल्याला त्या रानाबद्दल काहीच माहीत नाही. वरचं शेवाळ ढगातलं किती पाणी धरून ठेवतं, माहीत नाही. कोणत्या झाडाची मुळं उतार धरून ठेवतात, माहीत नाही. तोडलेली जागा सोडून दिली तर तिथं पुन्हा रान येतं की नुसतं गवत माजतं, माहीत नाही. बिया वर कोण नेतं, वटवाघळं की पाखरं? डोंगरावरचा तो काळसर पक्षी, माझे आजोबा ज्याची नक्कल करायचे, तो अजून आहे का, हेसुद्धा कुणी छातीठोक सांगू शकत नाही."

कुटणाऱ्यांचे हात थांबले होते. लुडविकनं गोटा बाजूला ठेवला.

"म्हणजे बघा," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "पोरगी इतकी वर्षं परदेशात शिकली, आणि परत येऊन सांगते काय, तर माहीत नाही. अगं, हे तर मी इथं बसल्या बसल्या सांगितलं असतं. विमानाची गरजच नव्हती."

हशा पिकला. एल्सिनाही हसली. "खरंय, लुडविकदादा. पण तू माहीत नाही म्हणून झोपतोस. मी माहीत नाही म्हणून वर जायचं म्हणते."

"बाकीच्या जगात एवढे डोंगर आहेत," एक म्हातारा म्हणाला. "तिथं कुणी मोजलं असेल की. तेच घेऊन यायचंस."

"मोजलंय, आजोबा. पण ते मोठ्या देशांतले मोठे डोंगर आहेत. आपलं बेट एवढंसं. इथं ढग किती खाली उतरतात, माती किती पातळ आहे, पाऊस कसा पडतो, ते तुम्ही बघताच. तिकडची उत्तरं इथं चालतील असं मी तुम्हाला सांगितलं तर ती थाप होईल."

सौलिक इतका वेळ करवंटीकडे बघत होता. त्यानं मान वर केली. "एकच सांग. आम्ही असंच तोडत राहिलो तर डोंगर खाली येईल का?"

मित्रांनो, त्या क्षणी ती होय म्हणाली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण एल्सिना खोटं बोलणारी नव्हती.

"येऊ शकतो. येईलच, असं मी आज सांगू शकत नाही. तेच तर बघायचंय."

"मग समजलं की ये," सौलिक म्हणाला.

कादालिना मागे बायकांत बसली होती. ती तिथूनच बोलली, "सौलिक, माझं घर ओढ्याच्या तोंडाशी आहे. मला तरी कळायला हवं. जाऊ द्या तिला."

सौलिकनं तिच्याकडे पाहिलं, पण उत्तर एल्सिनाला दिलं. "माझ्या बापानं एकदा मोजणीवाल्यांना येऊ दिलं होतं. चांगली माणसं होती, बसून सकाऊ प्यायली. त्यांनी किनाऱ्याला खुंट ठोकले. खुंट राहिले, जमीन परक्यांकडे गेली. तू आपली पोर आहेस, तुझ्यावर माझा संशय नाही. पण तुझ्या मागून कोण येईल ते तुलाही माहीत नाही. वरचं रान नको. खाली नदीच्या उताराशी जे रान आहे, तिथं काय मोजायचं ते मोज."

यात सौलिकचा दुष्टपणा नव्हता. मी त्याच्या बापाला ओळखत होतो आणि त्या खुंटांचं दुःखही मला ठाऊक होतं. पण नदीच्या उताराशी जे रान होतं ते सपाटीवरचं, सुरक्षित रान. ज्या प्रश्नांसाठी एल्सिना आली होती त्यातला एकही प्रश्न तिथं राहत नव्हता. तरी ती मान झुकवून हो म्हणाली, आणि तिथंच कामाला लागली. लोकांना तिची गंमत वाटायची. झाडांना पट्ट्या बांधणारी, पावसाचं पाणी भांड्यात धरणारी मुलगी. कादालिना तिला भाजलेला नीरफणस आणि मासे नेऊन द्यायची आणि तिथंच बसून गप्पा मारायची.

दर वर्षी नीरफणसाच्या हंगामात एल्सिना काकाला पुन्हा विचारायची. "पुढच्या वर्षी बघू," सौलिक म्हणायचा. हळूहळू त्याच्या आवाजातला ताठपणा कमी होत गेला, ते मला ऐकू यायचं. एकदा तो म्हणालाही, "हा मोठा समारंभ पार पडू दे. मग तुझ्याबरोबर मी स्वतः येतो वर."

तो समारंभ म्हणजे आमच्या भागाच्या राजाचं, नानम्वार्कीचं, गावात येणं. त्या दिवशी लुडविकनं वरून एवढं मोठं झुडूप आणलं की ते वाहायला बरीच माणसं लागली. पानं नासच्या छपराला घासत होती. नानम्वार्कीनं ते पाहून मान डोलावली आणि लुडविकला पदवी दिली. मी दिवसभर वाजत होतो. माझा आवाज त्या दिवशी समुद्राच्या कडेपर्यंत ऐकू गेला, असं लोक नंतर सांगत. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस. त्याच दिवसाची आठवण आता मला नकोशी वाटते.

समारंभानंतर पाऊस लागला. आमच्याकडे पावसाचं कुणाला कौतुक नसतं, तो नेहमीचाच. पण हा थांबेना. नासच्या छपरातून धारा लागल्या, माझ्या खालची सोडणं पाण्यावर तरंगू लागली. एल्सिना कादालिनाच्या घरी जाऊन आली, मग धावत नासमध्ये आली. सौलिक आणि लुडविक दोघंही तिथं होते. या वेळी ती नासची रीत विसरली.

"काका, ओढ्याचं पाणी कमी झालंय."

"कमी झालं तर बरंच की," लुडविक म्हणाला.

"एवढ्या पावसात कमी कसं होईल? वर कुठंतरी अडलंय. ओढ्याकाठच्या सगळ्यांना इकडे आणा."

लुडविक पुढचं ऐकायला थांबला नाही. तो पळतच सुटला. यासूओ समुद्रावरून आलेला नव्हता. लुडविकच्या हाकेनं शेजारची दोन घरं रिकामी झाली. कादालिना कुडाला लावलेली चटई गुंडाळत होती, "आले, आले" म्हणत होती. शेजारच्या दारातून लुडविकला तिचा आवाज ऐकू आला, असं तो पुढे सांगायचा.

मला जे ऐकू आलं ते वेगळं होतं. मी डोंगराचा तुकडा आहे, मला तो आवाज माझ्या अंगातच झाल्यासारखा वाटला. दिवसाउजेडी, दुपार कलताना, ओढ्याच्या घळीतून चिखल, खडक आणि उभीच्या उभी झाडं खाली आली. कादालिनाचं घर जिथं होतं तिथं काहीच उरलं नाही. चिखल नासच्या खांबांपर्यंत येऊन थांबला.

ती दुसऱ्या दिवशी सापडली. यासूओनं कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंच तिला धुतलं, खाडीच्या पाण्यानं, कारण ओढ्याचं पाणी अजून मातीनं लाल होतं.

आकाश मोकळं झालं तेव्हा लोकांनी वर पाहिलं. डोंगराच्या अंगावर दोन ओरखडे उठले होते. एक सुरू होत होता लुडविकच्या बागेतून. तिथं बागेचा मागमूस नव्हता. दुसरा सुरू होत होता त्याच्या पलीकडून, अगदी दाट रानातून, जिथं कुणी कधी कोयता लावलेला नव्हता. दोन्ही खाली येऊन एकाच घळीत मिळाले होते. जो चिखल कादालिनापर्यंत आला तो यातला कोणता, हे सांगणारं कुणी नव्हतं.

लुडविक पुष्कळ दिवस कुणाला दिसला नाही. मग एका सकाळी तो सकाऊ घेऊन आला. घरामागचं, नीरफणसाखालचं झुडूप. त्यानं ते माझ्याजवळ ठेवलं आणि मान खाली घालून बसला. माफीचा सकाऊ आहे हे सगळ्यांना कळलं. माणसं जमली. माझ्यावर मुळं कुटली गेली. आवाज नेहमीसारखाच आला. आवाजाला काय कळणार, कुटतायत कशासाठी?

पहिली करवंटी यासूओच्या हातात दिली. त्यानं ती तोंडाला लावली नाही.

"लुडविक," तो म्हणाला. "तू कशाची माफी मागतोयस?"

"तिच्या जिवाची."

"ते तुझ्यामुळं झालं?"

लुडविक म्हणाला, "मला माहीत नाही रे. रोज तेच डोक्यात फिरतं. माझ्या बागेतनं माती गेली, हे खरं आहे. पलीकडनंही गेली, तिथं मी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, हेही खरं आहे. कोणती तिच्यावर आली, मी कुणाला विचारू?"

यासूओनं एल्सिनाकडे पाहिलं. "तू शिकलीयस. तू सांग."

एल्सिना म्हणाली, "नाही सांगता येत, भावोजी. तिथं आधी काय होतं ते कुणी बघून ठेवलेलं नाही. माती किती खोल होती, पाणी किती मुरत होतं, मुळं कुठवर गेली होती. रान तसंच असतं तर एवढ्या पावसात उतार टिकला असता का, हे कळायला आधीची वर्षं हवी होती. आता वर नुसता खडक आहे. खडकाला विचारून काही कळत नाही."

सौलिक अगदी हळू बोलला. "तिनं विचारलं होतं. कादालिनानंही विचारलं होतं. मी नको म्हटलं."

यासूओच्या हातातली करवंटी तशीच होती.

"तुझ्यामुळं झालं असं कुणी मला नक्की सांगितलं असतं," तो लुडविकला म्हणाला, "तर मी तुला माफ केलं असतं. आपली रीतच आहे, आणि तू तिचा भाऊ आहेस. तुझ्यामुळं नाही झालं असं सांगितलं असतं, तर तुझ्या गळ्यात पडून रडलो असतो. आता मी काय करू, तूच सांग."



पुढे केलेली करवंटी परत करायची नसते. यासूओ प्यायला. रीतीप्रमाणे विषय संपला. पण माझ्यापासून उठताना दोघांपैकी कुणीही हलकं झालेलं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. थोड्या दिवसांनी यासूओ होडीत सामान घालून बेटाच्या पलीकडच्या अंगाला, भावाकडे राहायला गेला. तो परत आला नाही.

ओढ्याच्या तोंडाशी राहायला मग कुणी तयार होईना. घरं एकेक करून वरच्या टेकाडाकडे हलली. तिकडे नवा नास बांधला, त्याच्यासाठी नवा दगड आणला. मला हलवायची गोष्ट एकदा निघाली होती, पण कुणी उत्साह दाखवला नाही. मला पाहिलं की त्यांना ती सकाळ आठवत असावी. छप्पर गळलं, खांब कुजले, सोडणं मातीला मिळाली. मी जमिनीला टेकलो आणि मुका झालो.

सौलिकनं एल्सिनाला परवानगी दिली. गाव जमवून, सगळ्यांसमोर. पहिल्या दिवशी तो तिच्याबरोबर पहिल्या कड्यापर्यंत चढला. पुढं त्याचे गुडघे चालेनात, तेव्हा तिथं बसून तिची वाट बघत राहिला. त्यानंतर फार दिवस तो जगला नाही.

परवानगी मिळाली, पण काम सोपं नव्हतं. पाऊस मोजायची भांडी रानडुकरं उलथवायची. बाहेरून मदतीला आलेली माणसं एखादा हंगाम राहून जायची, आणि डोंगर तर एका हंगामात बोलत नाही. ज्या उतारांवरून दरड आली होती तिथली जुनी गोष्ट कायमची गेलेली होती. एल्सिना उरलेल्या उतारांवर बसून सुरुवातीपासून सुरुवात करत होती. तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी पुष्कळशा प्रश्नांपुढे तिच्याकडे अजून कोरी जागाच होती. पलीकडच्या खोऱ्यातले लोक अजून वर सकाऊ लावतात. त्यांना ठामपणे काय सांगावं, हे तिला अजून उमगत नाही.

लुडविकनं वर सकाऊ लावणं सोडून दिलं. तो आता एल्सिनाचं सामान वाहतो. दर महिन्याला दोघं माझ्याजवळून जातात. त्याचे खांदे उतरले आहेत आणि तो फारशी थट्टा करत नाही. परतताना तो इथं, माझ्याजवळ, दम खायला टेकतो आणि दर वेळी एकच प्रश्न विचारतो.

"या वेळी काही कळलं?"

"थोडं कळलं. शेवाळाचं कळलं. तुझ्या प्रश्नाचं नाही."

"कळेल?"

"तुझं नाही कळणार, लुडविकदादा. पलीकडच्या खोऱ्यात कुणाचं तरी कळेल, आपण जात राहिलो तर."

तो मान हलवतो, भारा पाठीवर घेतो आणि चालू लागतो.

मित्रांनो, मी दगड आहे. मला बोलता आलं असतं तर मी त्या दिवशीच बोललो असतो, पण माझ्या अंगी फक्त वाजणं होतं, तेही दुसऱ्याच्या हातानं. तुम्हाला बोलता येतं. तुमच्या गावावरही एखादा डोंगर असेल, त्याच्या माथ्यावर रान असेल, आणि ते नेहमीच तिथं असल्यामुळं त्याच्याकडे कुणी नीट पाहिलं नसेल. कधीतरी तुमच्या दारात कुणीतरी येईल आणि म्हणेल, मला वर जाऊन बघू द्या, मला अजून काही माहीत नाही. त्याच्या त्या खरेपणाला हसू नका. त्याला पाणी द्या, वाट दाखवा. आणि पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. त्याच वर्षी जाऊ द्या.